रेमिशनचे पेढे

पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून तो समोर उभा राहिला. पायाशी सुतळीनं आवळलेलं खोकं, त्यावर पोराची प्लास्टिकची चप्पल खोचलेली. "मॅडम, रोग गेला. तेवढी सही द्या, रातच्या गाडीनं निघतो. पेरणी तोंडावर आलीय."

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. योजनेचे कागद, रक्तदाते, धर्मशाळेतली जागा ही माझी रोजची कामं. हा पोरगा सहा वर्षांचा, परभणीकडचा. रक्ताचा कॅन्सर, डॉक्टरांच्या भाषेत एएलएल. सुरुवातीच्या पाच आठवड्यांच्या उपचारानंतर कमरेच्या हाडातला बोनमॅरो तपासला आणि सकाळच्या राऊंडला डॉक्टर म्हणाले, "छान, रेमिशनमध्ये आहे." शेजारच्या खाटेवरच्या कुणीतरी बापाला त्याचा अर्थ सांगितला, 'बरा झाला.'

आणि पोराकडे बघून कुणालाही तसंच वाटलं असतं. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही. स्टिरॉइडनं गाल टम्म फुगलेले, वरणभाताचं ताट पुसून परत मागायचा.

मी बापावर चिडले नाही, चुकले मीच होते. पहिल्याच दिवशी मी 'दोन-अडीच वर्षं उपचार' असं सांगून मोकळी झाले होते. पण पोर तापानं फणफणत असताना सांगितलेलं कुठल्या आईबापाच्या डोक्यात राहतं? महिन्याभरानं एक गोड शब्द कानावर पडेल आणि तो ऐकून सामान बांधायचं नाही, हे आधीच बजावून ठेवायला हवं होतं.

त्याला बसवलं, वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि मागे एकावर बारा शून्यं काढली. "रोग सापडला तेव्हा अंगात साधारण इतक्या खराब पेशी असतात. एक लाख कोटी." मग दोन शून्यं खोडली. "मॅरोत शंभरात पाचपेक्षा कमी दिसल्या आणि बाकीचं रक्त सुधारलं की आम्ही रेमिशन म्हणतो. तरी आत हजार कोटी असू शकतात." पोराची त्याहून बारीक तपासणी, एमआरडी, तीही चांगली आली होती. दहा हजारांत एकही नाही. डॉक्टरांनी आणखी दोन शून्यं खोडली. "तरीही दहा कोटींपर्यंत लपलेल्या असू शकतात. यंत्राला दिसत नाहीत इतकंच."

बाप उरलेली शून्यं बोटानं मोजत राहिला.

यामागे मोठा इतिहास आहे, तो मी मनात कायम ठेवते. 1947-48 साली बॉस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अशा 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. ते औषध आपल्या आंध्रातल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूनं बनवलेलं. 10 मुलं सुधारली. तोवर या आजारात औषधानं असं घडलंच नव्हतं. पण फार्बर यांनी त्यावर लिहिलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'तात्पुरतं' हा शब्द होता, कारण काही महिन्यांत रोग परत येत होता. आज मुलं बरी होतात ती रेमिशननंतरही उपचार चालू राहतात म्हणून. आठवड्यातून एकदा द्यायची मेथोट्रेक्सेटची पिवळी गोळी त्याच अमिनोप्टेरिनची जवळची नातेवाईक. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लाल गोल करायला लावते. मी हे घरोघरच्या आयांना पुन्हापुन्हा सांगते आणि सांगत राहणार.

बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "म्हंजे कुंदा."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. काळ्या रानात कुंदा माजतो. वरून कापला की रान साफ दिसतं, पण मुळ्या हात-दोन हात खोल. एक तुकडा राहिला तरी पाऊस पडला की पुन्हा वर. "आमच्या बापानं दोन उन्हाळे खणून काढला होता."

"दोन उन्हाळे," डॉक्टर म्हणाले, "याचंही तेवढंच."

त्यानं मोबाइल काढून गावाकडं फोन लावला. पलीकडून म्हातारी मोठ्यानं विचारत होती, पोरगं बरं झालं ना, कधी येताय? "आई, कुंदा वरून कापलाय. मुळ्या हायेत अजून. मी एकटाच येतो पेरणीला, हे दोघं मायलेक इथंच राहतील."

खोक्याची सुतळी त्यानं तिथंच सोडली. आतून पोराची चादर, वाटी, स्टीलचा पेला काढला आणि स्वतःचे दोन सदरे पिशवीत भरले. मी धर्मशाळेचा अर्ज पुढं सरकवला. मुदतीच्या रकान्यात काय लिहायचं, त्यानं विचारलं.