तिहुआनातलं घर: कोबा घालायचा दिवस

सॅन डिएगोहून सीमा ओलांडली की मेक्सिकोचं तिहुआना लागतं. कॅलिफोर्नियातली कितीतरी चर्चेस सुट्टीत इथे छोटी मिशन ट्रिप काढतात आणि एका कुटुंबासाठी लाकडी घर उभं करून देतात. भिंत थोडी तिरकी झाली, रंग सांडला, तर नंतर निस्तरता येतं. पहिल्या दिवशीचा कोबा चुकला की चुकलाच.

उन्हं चढायच्या आत काम सुरू झालं पाहिजे. प्रार्थना, बायबलमधल्या 127व्या स्तोत्राचं वाचन, कोण काय करणार ते सांगायचं, बस्स. प्रवचन संध्याकाळी.

घर 12 × 20 फुटांचं धरू. साचा 2×4 इंची म्हणतात त्या फळ्यांचा. नाव काहीही असो, ही फळी रंधून येते तेव्हा साडेतीन इंचच उरते, म्हणून कोब्याची जाडीही तेवढीच. दोन्ही कर्ण मोजा: 23 फूट 4 इंचांना जेमतेम कमी आणि दोन्ही सारखे. जुळले नाहीत तर साचा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. आता सोडून दिलंत तर छप्पर घालताना पत्रे तिरके बसतील. मग पाणसळ लावा, जमीन ओली करून चोपा. उतारावर जुन्या टायरांचा बांध घालून भराव केलेला असतो, तिहुआनात हे सर्रास दिसतं. तिथे चोपणी नीट झाली नाही तर भराव बसतो आणि कोब्याला भेग जाते.

माल: 50 किलोची सिमेंटची 16 पोती, त्यात थोडी नासधूस धरलेली आहे. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण 1:2:3. मोजायला 19 लिटरची बादली. एका पोत्याला वाळू चार बादल्यांना किंचित कमी, खडी साडेपाच बादल्या. सगळं मिळून पावणेपाच टनांच्या आसपास ओला माल फावड्याने कालवायचा असतो, आणि तोही सोमवार ते शुक्रवार कीबोर्ड बडवणाऱ्या हातांनी.

इथेच घोळ होतो. माल प्लायवूडवर कोरडाच तीनदा उलथायचा, रंग एकसारखा होईपर्यंत. मग मधे आळं करून पाणी ओतायचं आणि आतल्या कडेने माल ओढत जायचं. पाणी पोत्याला जास्तीत जास्त 25 लिटर, म्हणजे सव्वा बादली आणि वर थोडंसं. वाळू ओली असेल तर एका बादलीनेच सुरुवात करा. दहा वाजले की हात भरून येतात आणि कुणीतरी म्हणतं, "अजून थोडं पाणी घाला ना." पातळ माल झरझर पसरतो, कालवायलाही हलका, पण सुकला की त्याचा वरचा थर झाडूबरोबर पिठासारखा निघत राहतो. पाण्याची बादली एकाच माणसाच्या ताब्यात द्या, आणि तो शक्यतो स्थानिक गवंडी असावा. तो "नाही" म्हणाला की विषय संपला. पाणी इथे टँकरने येतं आणि कुटुंबाने विकत घेतलेलं असतं, हेही ध्यानात असू द्या.

पाणी घातल्यापासून तासाभरात माल साच्यात गेला पाहिजे. दोघांनी सरळ फळी करवतीसारखी मागेपुढे हलवत पातळी काढायची, मग गवंड्याचा लाकडी रंधा फिरवून वरचा भाग सारखा करायचा. वर पाणी तरंगत असेल तर थापी लावू नका. ते जिरू द्या. वरून सुकं सिमेंट भुरभुरवून ते शोषून घेणं हा तर शुद्ध आळशीपणा, त्याचे पुढे पापुद्रे निघतात. माल ओला असतानाच भिंती पकडून ठेवणारे अर्धा इंच जाडीचे बोल्ट रोवा: कडेपासून पावणेदोन इंच आत, सहा फुटांपेक्षा जास्त अंतर नको, दाराच्या जागी एकही नको. हे हमखास विसरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी दारातला बोल्ट करवतीने कापत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी भिंती चढतात, तरी कोबा आठवडाभर ओला राहायला हवा. प्लास्टिक अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम घरच्यांना नीट दाखवून ठेवा.

बुटात ओलं सिमेंट गेलं तर लगेच बूट काढून पाय भरपूर पाण्याने धुवा. आधी काहीच जाणवत नाही, संध्याकाळी कातडी भाजल्यासारखी होते. गुडघे टेकून काम करणाऱ्यांना हे जास्त होतं.

मुलांसाठी आणलेला खाऊ, कपडे तिथल्या चर्चच्या पास्टरांकडे द्या. ट्रकमधून वाटप केलं की शेजारी-शेजारी भांडणं लागतात, आणि आपण निघून गेल्यावर ती पास्टरांनाच निस्तरावी लागतात.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक: ग्रीन कार्ड किंवा मुदतीतला अमेरिकी व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपून हातात नुसता अमेरिकी मंजुरीचा कागद असेल, तर त्यावर मेक्सिकोत प्रवेश मिळेल असं धरून चालू नका.