तुम्ही विचारलेत म्हणून: मासळी मार्केटचा तो ठराव

‘जुने मासळी मार्केट पाडायचा ठराव झाला तेव्हा तुम्ही सभागृहात होतात ना? मग विरोध का केला नाहीत?’ हा प्रश्न मला बँकेच्या रांगेत, जत्रेत, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे आणि २ डिसेंबर २०२५च्या नगरपरिषद निवडणुकीच्या आधी, मी उमेदवार नसतानाही, बहुतेक रोज विचारला गेला. तेव्हा मी नगरसेविका होते, आणि दर वेळी मी ‘मी बोलले होते’ एवढेच सांगत आले. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मार्केट पाडल्यापासून मासळी विकणाऱ्या बायका ज्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, तिची आजची अवस्था तुम्ही रोज पाहता, तिचे वर्णन करत नाही. एक गोष्ट मात्र आधी नोंदवते, कारण तिचा विपर्यास फार झाला आहे. मी नव्या मार्केटच्या विरोधात कधीच नव्हते. जुन्या इमारतीचा स्लॅब खाऱ्या हवेने इतका खाल्ला होता की सळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि एका पावसाळ्यात रात्री काँक्रीटचा तुकडा तिसऱ्या ओट्यावर पडला होता. तो सकाळी पडला असता तर त्या ओट्यावर बसणारी बाई आज नसती. माझी हरकत क्रमाला होती. परवानगी आधी यावी, पाडकाम नंतर व्हावे, एवढीच.

२०१९ मधल्या त्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका चौतीस विषयांची होती आणि हा विषय बाविसावा होता. मी तो नीट वाचून गेले होते, नकाशाही पाहिला होता. किनाऱ्यावरच्या बांधकामाला लागू होणारी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना पहिल्यांदा १९९१ साली निघाली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने आली, पण वसलेल्या शहरी भागापुरता तिचा एक नियम सरळ आहे: जो रस्ता किंवा जी अधिकृत इमारत आधीपासून उभी आहे, तिच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येते, पाण्याकडे सरकता येत नाही. आमच्या नकाशात नवी इमारत जुन्या भिंतीच्या पुढे, खाडीकडे दहा-बारा फूट आली होती, आणि वर गाळ्यांचा मजला होता. मी उभी राहून विचारले, की सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी आली आहे का. ‘प्रस्ताव पाठवला आहे’, असे उत्तर आले. मी म्हटले, की परवानगी हातात येईपर्यंत जुनी इमारत पाडू नये, तिला टेकू द्यावेत आणि विक्रेत्यांना तिथेच बसू द्यावे. त्यावर एक ज्येष्ठ सदस्य समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘ताई, निधी परत जाईल. बारा महिन्यांचा प्रश्न आहे.’ निधी परत जाण्याची भीती खोटी नव्हती, मार्च जवळ आला होता. मी खाली बसले. सूचक आणि अनुमोदक यांची नावे वाचली गेली, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज झाला आणि तेविसावा विषय सुरू झाला.

या सगळ्याला चार-पाच मिनिटे लागली असतील. मला दोनच शब्द आणखी बोलायचे होते: ‘विरोध नोंदवा.’ ते मी बोलले नाही.

का बोलले नाही, याचे उत्तर मी अनेक वर्षे असे देत आले, की पक्षाचा आदेश होता. पक्षादेशाचे भय काय असते हे सभागृहाबाहेरच्यांना कळत नाही, असे मला आजही वाटते. १९८६च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा मतदानापासून दूर राहिले, तरी सदस्यत्व जाऊ शकते, आणि ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते. हा कायदा खरा आहे. पण त्या दिवशी लेखी पक्षादेश नव्हता, हेही तितकेच खरे आहे, आणि ते मी आज पहिल्यांदाच लिहीत आहे. गटनेते जिन्यावर भेटले तेव्हा ‘आज सगळ्यांनी एकत्र राहू या’ इतकेच म्हणाले होते. तेवढ्यावर कोणाचे सदस्यत्व जात नाही. मला ते तेव्हाही ठाऊक होते.

आणि चूक एकदाच झाली असती तर मी ती त्या दिवसाच्या घाईवर टाकली असती. दोन महिन्यांनी पुढची सभा झाली. तिचा पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. इतिवृत्ताची प्रत आधीच घरी आली होती. बाविसाव्या विषयापुढे लिहिले होते, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ माझा प्रश्न नव्हता, टेकू देण्याची सूचना नव्हती, माझे नावही नव्हते. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि ती प्रत घेऊन सभेला गेले होते. दुरुस्ती सुचवण्याची ती रीतसर वेळ होती. अध्यक्षांनी ‘इतिवृत्त कायम करायचे का?’ असे विचारले, सर्वांनी होकार दिला, आणि मी प्रत उलटी करून मांडीवर ठेवली. माझ्या प्रभागातील गटाराचे काम त्याच विषयपत्रिकेवर अकरावे होते, ते अडू नये असे मला वाटत होते. ते काम मंजूर झाले. त्या गटाराचा लाभ आज चाळीस घरांना होतो, आणि हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगते आहे हे मला कळते.

पुढे मासळी विकणाऱ्या बायकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ प्रमाणे लोकहिताला बाधक अशा ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात. अर्जाला ठरावाची प्रत जोडायची होती. ती घेऊन त्यांच्यापैकी सर्वांत ज्येष्ठ बाई माझ्या घरी आली. माझ्या आजीच्या काळापासून तिची पाटी आमच्या दारात येते. तिला वाचता येत नाही, पण नातवाने तिला ‘सर्वानुमते’ हा शब्द दाखवला होता आणि तिने त्यावर बोट ठेवले. बोटाला बर्फाने पडलेल्या भेगा होत्या. ‘गो बाय, तू थंयच होतंस मां? मगे बोललंस कित्या नाय?’ मी तिला सांगितले, की मी बोलले होते. तिने पुन्हा कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, कागदाची घडी घातली आणि पाण्याचा पेला न उचलता ती गेली. अर्जावर पुढे काही झाले नाही. माझा विरोध त्या कागदावर असता तर त्यांना बोट ठेवायला दुसरी एक ओळ मिळाली असती.

इमारत पाडली गेली, परवानगीचा प्रस्ताव त्रुटींसह परत आला, मग टाळेबंदी आली, आणि २०२१च्या अखेरीस आमची मुदत संपली. त्यानंतर चार वर्षे प्रशासक होते. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे घटना सांगते, तरी आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात ती झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर निवडणुकीचे चक्र हलले. त्या चार वर्षांत सभागृहाचा हॉल कुलूपबंद होता आणि शेडबद्दल विचारायला कोणी निवडून आलेला माणूसच नव्हता. मार्केट रखडण्यात या काळाचा वाटा माझ्या मौनापेक्षा मोठा आहे, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे आणि हिशेबाने ते बरोबरही असेल.

२०१९ मधली मी आजच्या मला विचारते, की बहुमत स्पष्ट होते, माझा एक विरोध नोंदला गेला असता तरी ठराव मंजूरच झाला असता, मग गटाराचे काम का पणाला लावायचे होते? या युक्तिवादात मला आजही खोट सापडत नाही. तरीही ती पेन्सिलीची रेघ असलेली प्रत मी फाडू शकलेले नाही, आणि उमेदवारी अर्जाचे दिवस आले तेव्हा पक्षाने विचारूनही मी नकार दिला. काही जण त्याला प्रायश्चित्त म्हणतात, काही जण पळ काढणे. यांपैकी खरे काय ते मला ठरवता आलेले नाही.

बुधवारी आणि रविवारी मी त्याच शेडमध्ये जाते. ताडपत्रीच्या कडेला ती बसलेली असते, बांगडे मोजून देते, एखादा जास्तच टाकते. तिने तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. इतिवृत्त कायम झाले त्या दिवशी ती प्रत माझ्या मांडीवर होती, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.