तासाचा माहितीपट: मंजुरीपासून प्रसारणापर्यंत

वाहिनीवर माहितीपटांच्या कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळताना मी निर्मात्याशी पहिलं बोलणं लांबीबद्दल करतो. आपल्याकडे केबल टीव्हीच्या नियमानुसार तासात १२ मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, त्यातली १० व्यावसायिक आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. उरलेल्या ४८ मिनिटांतून ब्रेकच्या आधी-नंतरच्या पट्ट्या गेल्या की निर्मात्याच्या वाट्याला मी ४६ देतो, चार भागांत.

पैसे पाच हप्त्यांत सुटतात: करारावर २० टक्के, शूटिंग सुरू होताना ३०, रफ कटला (पहिल्या कच्च्या संकलनाला) २५, पिक्चर लॉकला (दृश्यांची लांबी-क्रम पक्का झाला की) १५, क्यूसी म्हणजे फाइलची तांत्रिक तपासणी पास झाल्यावर शेवटचे १०. यात रफ कटचा हप्ता महत्त्वाचा. रफ कट ६० मिनिटांचा आला तरी चालतो, पण सोबत आर्काइव्हची, म्हणजे इतरांकडून घेतलेल्या जुन्या चित्रणाची यादी नसेल तर पैसे सुटत नाहीत. निर्माते रागावतात. रागावू देत.

यादीत प्रत्येक जुन्या तुकड्याचा टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ), मालक, वापरलेले सेकंद, देश, माध्यम आणि मुदत लागते. एडिटवर वॉटरमार्क असलेली प्रत चालते. वॉटरमार्क नसलेली मूळ प्रत, म्हणजे मास्टर, पिक्चर लॉक झाल्यावरच विकत घ्यायची, कारण आकारणी लांबीवर असते आणि कापून टाकलेल्या सेकंदांचे पैसे परत मिळत नाहीत. फिल्म्स डिव्हिजनचं जुनं चित्रण हवं असेल तर २०२२ पासून एनएफडीसीचं (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचं) दार ठोठवायचं. सगळ्यात जास्त अडकतं ते मुदतीत: भारतात, फक्त टीव्हीसाठी, तीन वर्षं असा स्वस्त परवाना घेतला जातो आणि पुढे ओटीटीवर विकायची वेळ आली की मालक मागेल ती किंमत मोजावी लागते. सगळे हक्क आज परवडत नसतील, तर पुढच्या हक्कांचा दर आजच करारात लिहून घ्यायचा.

संगीतात परवाने दोन लागतात, रचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. एकच घेतलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे चहाच्या टपरीवर मुलाखत चालू आणि मागे रेडिओवर सिनेमाचं गाणं. ते बोलण्यात इतकं मिसळलेलं असतं की स्वच्छ काढता येत नाही. साउंड रेकॉर्डिस्टने शूटिंगआधी रेडिओ बंद करायला सांगणं, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

मोबाइलवर काढलेल्या चित्रणाचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बदलता असतो. ते तसंच टाइमलाइनवर टाकलं की दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळत नाहीत. म्हणून आधीच २५ फ्रेमवर स्थिर करून घ्यायचं.

आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर हवा: निवेदन, मुलाखती, संगीत, लोकेशनचे आवाज. सगळं एकत्र मिक्स झालं की हिंदी किंवा तमिळ आवृत्तीत मूळ निवेदन खालून ऐकू येतं. नावपट्ट्या नसलेले शॉट फाइलच्या शेवटी जोडलेले हवेत. युरोपात विकायचं तर आवाजाची सरासरी पातळी −२३ एलयूएफएसवर (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक). ब्रिटनला जाणाऱ्या फाइलची लखलखाटाची चाचणीही होते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट झाले, की विसर्जन मिरवणुकीतले स्ट्रोब लाइट किंवा पत्रकार परिषदेतले फ्लॅश नापास होतात.

क्यूसीतून परत आलेली फाइल एका फ्रेमसाठी दुरुस्त केली तरी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावी लागते. म्हणून मी डिलिव्हरीची तारीख प्रसारणाच्या २१ दिवस आधीची लिहितो.