सिएनाची अर्धवट भिंत

इटलीत फ्लॉरेन्सहून सिएनाला जायचं तर रेल्वेपेक्षा बस बरी. रेल्वे स्टेशन खाली राहतं आणि मग वर चढायचा खटाटोप करावा लागतो. बस मात्र जुन्या गावाच्या जवळच सोडते. तिथून दोन्ही बाजूंनी उंच विटकरी घरं असलेल्या गल्ल्यांमधून चालत गेलं की कॅथेड्रल, म्हणजे इथला दुओमो, येतो. काळ्यापांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांनी नटलेला. लोक त्याच्याकडे तोंड करून फोटो काढत असतात. मला पाहायचं होतं ते त्याच्या शेजारी: एकटीच उभी असलेली प्रचंड भिंत. तिच्यात कमानी आहेत, खिडकीची मोठी मोकळी जागा आहे, आणि मागे काहीच नाही. स्थानिक लोक तिला 'फाच्चातोने' म्हणतात.

गोष्ट अशी. १३३९ मध्ये सिएनाकरांनी ठरवलं की असलेलं कॅथेड्रल लहान पडतंय. फ्लॉरेन्समध्ये नवीन कॅथेड्रलचं काम १२९६ पासून चाललं होतं, आणि फ्लॉरेन्सच्या मागे राहणं हे इथल्या माणसाला तेव्हा सहन होणारं नव्हतं. मग बेत ठरला तो असा, की सध्याचं अख्खं कॅथेड्रल नव्या इमारतीची फक्त आडवी बाजू व्हावी आणि त्याला काटकोनात नवा, अवाढव्य सभामंडप जोडावा. फाच्चातोने ही त्या मंडपाची दर्शनी भिंत. नऊ वर्षं काम चाललं. १३४८ मध्ये प्लेग आला आणि काम थांबलं.

भिंतीच्या आतून अरुंद गोल जिना वर जातो. वरून खाली पाहिलं की तो न झालेला मंडप नकाशासारखा दिसतो. एका बाजूच्या कमानी बुजवून त्यात संग्रहालय केलंय (चित्रकार दुच्चोचं १३११ सालचं वेदीचित्र 'माएस्ता' तिथेच आहे, ते चुकवू नका), आणि जिथे छप्पर यायचं होतं तिथे चौक आहे. लोक सगळा दोष प्लेगच्या माथी मारतात, ते मात्र अर्धंच खरं. साथीनंतर तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा बांधकामातच दोष आढळले, काही भाग पाडावा लागला आणि १३५७ च्या सुमारास बेत कायमचा सोडून दिला. पण खांब कमकुवत निघाले तर दुसरे उभारता येतात. त्यासाठी गवंडी लागतात आणि पैसाही लागतो. ते दोन्ही उरलं नव्हतं.

साथ १३४७ च्या ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेल्या जहाजांतून सिसिलीतल्या मेसीनाला पोचली, पुढच्या जानेवारीत पिसाला, आणि वसंतात इथे. आन्योलो दि तूरा नावाच्या इथल्याच माणसाने तेव्हाची बखर लिहून ठेवली आहे. मेलेल्यांसाठी घंटा वाजत नव्हत्या आणि कोणी रडतही नव्हतं, कारण प्रत्येकजण स्वतःच्याच मरणाची वाट पाहत होता, असं तो सांगतो. आपल्या पाच मुलांना आपण स्वतःच्या हातांनी पुरलं, हेही तो लिहितो. त्याचा मृतांचा आकडा मात्र फुगवलेला आहे. तो शहरात ५२ हजार मेले म्हणतो, आणि साथीआधी शहराची एकूण वस्तीच साधारण ५० हजारांच्या आसपास मानली जाते. पाच हा आकडा तपासायची गरज मला वाटली नाही.

आपल्याकडे प्लेग म्हटलं की १८९७ चं पुणं, रँड, चापेकर आणि रुग्णसेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. जंतू तोच, यर्सिनिया पेस्टिस. पण तेव्हाच्या सरकारला निदान शत्रू कोण ते ठाऊक होतं, आणि मुंबईत हाफकिन लस तयार करत होते. सिएनाच्या राज्यकर्त्यांपाशी काय होतं? मिरवणुका, नवस आणि ठराव.

ते ठरावच मला सगळ्यात बोलके वाटतात. जूनमध्ये नगरसभेने दिवाणी न्यायालयं तीन महिन्यांसाठी बंद केली. देव कोपला आहे म्हणून जुगार कायमचा बंद केला, आणि तिजोरीत खडखडाट झाल्यावर काही महिन्यांतच पुन्हा सुरू केला. माणूस घाबरला की काय करतो आणि भीती ओसरली की काय करतो, ते त्या दोन ठरावांत दिसतं.

कॅथेड्रलच्या बरोबर समोर सांता मारिया देल्ला स्काला हे जुनं रुग्णालय आहे, आता संग्रहालय. तिथल्या यात्रेकरूंच्या दालनातली भित्तिचित्रं साथीनंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेली आहेत. पण १३४८ मध्ये अशा संस्थांवर वेगळाच पाऊस पडला. मरणारे लोक जमीन, घरं, रोकड त्यांच्या नावे करून गेले. इतकी, की शहराने धर्मादाय संस्थांना दिलं जाणारं वार्षिक अनुदान दोन वर्षं थांबवलं: तुमच्याकडे आता भरपूर आहे! जिवंत राहिलेल्यांचंही तसंच. आन्योलो म्हणतो, वाचलेला प्रत्येकजण स्वतःला श्रीमंत समजू लागला, खाण्यापिण्यात आणि चैनीत पैसा उडवू लागला. शेतात मात्र माणूस मिळेना. इंग्लंडच्या राजाने १३५१ मध्ये मजुरीचे दर कायद्याने बांधायचा प्रयत्न केला, तर सिएनाने बाहेरून येऊन वसणाऱ्यांना करमाफीची लालूच दाखवली.

दुपारी उतरत उतरत पियात्सा देल काम्पोवर आले. शिंपल्याच्या आकाराचा हा उतरता चौक विटांच्या नऊ पाकळ्यांत विभागलाय. १२८७ पासून शहर चालवणाऱ्या 'नऊ जणां'च्या सरकारची ती खूण. त्यांच्याच सभागृहात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं काढली. चांगल्या राज्याच्या भिंतीवर दुकानं उघडी आहेत, बायका फेर धरून नाचताहेत, गवंडी परांचीवर चढून घर बांधताहेत, वेशीबाहेर शेतकरी कापणी करताहेत. या गवंड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. आम्ब्रोज्यो आणि त्याचा चित्रकार भाऊ पिएत्रो, दोघांचाही १३४८ नंतर मागमूस लागत नाही. साथीतच गेले असं मानतात.

सभागृहाच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी संगमरवरी छोटं प्रार्थनास्थळ आहे. वाचलेल्यांनी नवस फेडायला १३५२ मध्ये ते सुरू केलं. गर्दी त्याच्या सावलीत आइस्क्रीम खात बसते. नऊ जणांचं सरकार त्यानंतर तीनच वर्षं टिकलं. १३५५ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट चौथा चार्ल्स शहरात आला असताना उठाव झाला आणि त्यांना हाकलण्यात आलं. एकट्या साथीने सरकार पाडलं असं मी म्हणणार नाही. पण जुनी घराणी निम्मी रिकामी झाली होती आणि नव्या पैशाला सत्तेत वाटा हवा होता.

जेवायला ओर्तो दे पेच्चीत गेले. काम्पोच्या मागून दहा मिनिटं उतरलं की शहराच्या तटबंदीच्या आतच चक्क शेत लागतं: भाजीचे वाफे, फळझाडं, एक साधं खानावळवजा हॉटेल. चौदाव्या शतकात गाव वाढतंय म्हणून तट पुढे सरकवला आणि या दरीतही वस्ती वसवायला घेतली. प्लेग १३६३ मध्ये परत आला, १३७४ मध्येही आला, आणि तटाच्या आत भरायला माणसं कधीच पुरली नाहीत. १५५५ मध्ये फ्लॉरेन्सच्या फौजांपुढे सिएना पडलं, त्यानंतर तर पाडून नवं बांधायला पैसाही नव्हता. ज्या अख्ख्या मध्ययुगीन गावाचे आपण फोटो काढतो, ते असं टिकलं. पिची नावाचा जाड शेवयांचा प्रकार मागवा, इथली खासियत आहे, आणि परतीच्या चढासाठी थोडी भूक शिल्लक ठेवा.