इर्शाळवाडीच्या मुलांकडे जाताना

पनवेलच्या एसटी स्टँडवरून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे जाणारी गाडी पकडली की चौक फाट्याला उतरता येतं. पूर्वी इथे उतरलो की पाठीवर सॅक आणि नानिवलीतून थेट इर्शाळगडाची वाट. एका मे महिन्यात मात्र आमचा मुक्काम खालीच होता. गडाच्या पोटाशी वसलेली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर चढेनात, पाऊस थांबेना. कुदळ-फावड्यांनी चाललेला शोध चार दिवसांनी बंद करावा लागला. आम्ही गेलो तेव्हा वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरच्या खोल्यांत राहत होती आणि सिडको त्यांच्यासाठी ४४ पक्की घरं बांधत होती.

वाडीतली बरीच मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. काहींचे आई-वडील दोघंही गेले. आता ती मुलं आजी, काका, मावशी, मोठा भाऊ यांच्याकडे आहेत. तिथे जायची इच्छा असलेल्यांनी हे आधी समजून घ्यायला हवं. ही मुलं एखाद्या अनाथालयात रांगेने बसलेली सापडणार नाहीत. ती घरात आहेत, त्यांना त्यांचं माणूस आहे, आणि आपली खरी गरज त्या माणसाला आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आश्रमशाळा निवासी असते. एरवीच्या रविवारी खाऊ घेऊन गेलात तर ज्यांच्यासाठी आणला ती मुलं तिथे नसतात. ती येतात दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि सगळ्यात जड दिवसही तेच. बाकीची मुलं सुट्टीला घरी जातात, ही मुलं काकाच्या घरी येतात. म्हणून आम्ही मे निवडला. आश्रमशाळेत भेटायला जायचं असेल तर मुख्याध्यापकांची आणि पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी आधी घ्या. वस्तीवर येण्यापूर्वीही अलिबागच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला बरोबर ठेवा. कुणी मागितला नाही तरी ठेवा. आपण कोण, कुठले, हे त्या कुटुंबांना कळण्याचा हक्क आहे.

आम्ही चौक गावातल्या ओळखीच्या घरी राहिलो. वस्तीत मुक्काम करू नका. जागा मुळात कमी, पाणी मोजून, आणि पाहुणा आला की त्या घरातली बाई स्वतःच्या वाट्याचं वाढते. डबा आपला आपण न्यावा.

सकाळी अकरानंतर कंटेनर इतका तापायचा की आत बसवायचं नाही. त्यामुळे अभ्यास, खेळ, जे काही असेल ते सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. सकाळी मुलं मोठ्यांबरोबर करवंदं, जांभळं गोळा करायला जातात आणि बायका पानाच्या द्रोणात भरून महामार्गावर विकायला बसतात. आम्ही आखलेला वेळ मुलांच्या या कामाभोवती बसवला. करवंदं विकून आलेले पैसे त्यांच्या हातात पडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते आपल्या चॉकलेटांनी कधीच येणार नाही. ते काम बुडवून त्यांना चित्रकला शिबिराला बसवणं मला पटत नाही. संध्याकाळी विटीदांडू, लगोरी, आणि बेचकीचा नेम. नेमात आमच्यातलं कुणीही त्यांच्यापुढे टिकलं नाही. वाचन घेताना लहानांना पाठ्यपुस्तकातली मराठी जड जाते. घरात ठाकरी बोलतात. मोठ्या मुलीला मधे बसवा, ती समजावून सांगते आणि त्या निमित्ताने तिचाही अभ्यास होतो.

एका संध्याकाळी वळीव आला. पत्र्यावर टपोरे थेंब पडायला लागले की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. खेळ आपोआप थांबला. एक मुलगा भिंतीला पाठ लावून बसला आणि डोंगराकडच्या दाराकडे बघत राहिला. त्याची आजी कुणाला काही न विचारता पोरांची डोकी मोजायला लागली. आमच्यापैकी मानसशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीने आधीच बजावलं होतं: ‘त्या रात्रीचं’ विचारायचं नाही, ‘आता काही होणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, आणि मूल स्वतःहून बोललं तर मधे तोडायचं नाही. आम्ही आजीच्या शेजारी बसून तिच्याबरोबर डोकी मोजली. कुणीतरी चूल पेटवली, चहा झाला. मुलगा बोलला नाही, पण चहा घ्यायला उठून आला. असं मूल दिवसेंदिवस झोपत नसेल, खात नसेल, तर त्याला सावरायचा प्रयत्न स्वतः करू नका. गावातल्या आशा आरोग्यसेविकेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगा. तातडीचं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

त्याच आजीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘बाय, कपडे लय झाले. दाखल्यांचं काय ते बघा.’

खरं काम हेच आहे आणि ते करायला माणसं कमी पडतात. घरासोबत कागदही गाडले गेले. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला. आणि ठाकर मुलाला पुढे शिष्यवृत्ती, वसतिगृह, जात पडताळणी या सगळ्याला वडिलांच्या बाजूचे पुरावे लागतात. ते देणारी माणसंच उरलेली नाहीत. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. त्यासाठी अर्ज, पालकाचं बँक खातं आणि बालकल्याण समितीचा आदेश लागतो. अनाथ प्रमाणपत्र मिळालं तर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, आणि संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांनाही ते मिळू शकतं. हे आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत होतं. अर्ज लिहून द्या, झेरॉक्स काढून द्या, कार्यालयात सोबत जा, आणि पोचपावती काकाच्या किंवा आजीच्या हातात ठेवा, तुमच्या पिशवीत नको.

आम्हा ट्रेकर मंडळींकडे आणखी एक गोष्ट आहे, जी सरकारकडे नाही. वर्षानुवर्षं आपण वाडीत थांबलो, पाणी मागितलं, भाकरी खाल्ली आणि फोटो काढले. या मुलांकडे आई-बापाचा एकही फोटो राहिलेला नाही. आम्ही जुने अल्बम, हार्ड डिस्क, मित्रांचे मोबाइल धुंडाळले. ओसरीवर बसलेली, चुलीपुढची, वाट दाखवायला पुढे चालणारी माणसं सापडली. त्यांच्या प्रिंट काढून घरातल्या वडीलधाऱ्यांकडे दिल्या. कुठल्या मुलाला कधी दाखवायचं हे त्यांनी ठरवायचं. ज्यांनी इर्शाळगड केला आहे त्यांनी कृपा करून आपले फोटो तपासा. मात्र ते इंटरनेटवर टाकून ओळख विचारत बसू नका. प्रत्यक्ष घेऊन या.

मुलांचे फोटो तर नकोतच. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. वाटप करताना मुलाला पुढे उभं करून कॅमेरा रोखणारे गट आम्ही पाहिले. त्या मुलाने त्या एका वहीसाठी काय मोजलं, याचा विचार त्यांनी करायला हवा होता.

‘एखादं मूल आम्हाला मिळेल का’ असं विचारणारे फोनही वस्तीत येतात. मायेपोटी येतात, तरी उत्तर नाही असंच आहे. दत्तक केंद्राच्या ‘कारा’ या यंत्रणेमार्फत होतं, आणि या मुलांना त्यांची माणसं आहेत. मूल घरी न्यायचा विचार करण्याऐवजी त्याला सांभाळणाऱ्या मावशीला शिलाई मशीन लागतं का, काकाला जवळपास काम मिळतं का, ते बघा.

यायचं तर तेच ते दोघं-तिघं पुन्हा या. दर सुट्टीत नवे चेहरे नकोत. पुढच्या वेळी कधी येणार हे नक्की ठाऊक नसेल तर मुलाला तारीख सांगू नका. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिन्ही दरडीखाली गेली. सह्याद्रीत हे पुन्हा होणार आहे, आणि इर्शाळवाडीचं नाव तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हतं. त्यामुळे हे सगळं इथल्यापुरतं नाही.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, त्याआधी दाखल्यांची गर्दी असते. त्या कामाला येणार असाल तर सुट्टीच्या दिवशी येऊ नका, तहसील बंद असतं. कार्यालयाच्या दिवशी सकाळची खालापूरकडे जाणारी गाडी धरा आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला बरोबर घ्या. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती भरून द्यायची तयारी ठेवा.