बाघनदीच्या अल्याड-पल्याड

१३ जानेवारी २०२५, पौष पौर्णिमा. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात धान खरेदी केंद्रावर मी ग्रेडर आहे, म्हणजे आलेलं धान तपासतो. सकाळीच छत्तीसगडच्या सीमेलगतच्या गावातले एक काकाजी ट्रॅक्टर घेऊन आले. पोत्यातून मूठभर दाणे काढून मीटरला लावले, तर ओलावा १८.६ टक्के. सतराच्या वर घेता येत नाही.

"वाळवा काकाजी, संध्याकाळी काटा करून देतो."

त्यांनी कुरकुर केली नाही. धान पसरलं आणि पायाने सऱ्या पाडत ते उलटवत बसले. मी चहा घेऊन गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "जावई म्हणते, माझ्या टोकनावर दहा क्विंटल बसतात, आणा. काय करू जी?"

मुलगी बाघनदीच्या पलीकडे, छत्तीसगडात दिलेली. टोकन म्हणजे तिकडच्या केंद्रावर धान विकायची चिठ्ठी. त्या हंगामात आमच्याकडे हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. तिकडे ३,१०० पडत. वरचे ८०० नंतर एकरकमी खात्यात येत. एकरी २१ क्विंटल घेत, म्हणजे एकरामागे १६,८०० चा फरक. त्याआधीच्या हंगामात आपल्याकडे हेक्टरी २० हजार बोनस मिळाला, तोही दोन हेक्टरपर्यंतच. एकरी आठ हजार झाले. त्या हंगामाचा बोनस त्या दिवशी जाहीरही झाला नव्हता. पेरणीच्या वेळी भाव माहीत असणं आणि विकून झाल्यावर बोनसची वाट पाहणं, यात शेतकऱ्याचं अख्खं वर्ष जातं.

असं का, याचं उत्तर मला विधानसभेत दिसतं. छत्तीसगडात ९० जागा आणि गावोगाव धान. २०१८ ची निवडणूक २,५०० च्या भावावर गाजली. २०२३ ला एक पक्ष ३,२०० म्हणाला, दुसरा ३,१०० आणि २१ क्विंटल. तिथे धान सरकार बसवतं. आपल्याकडे २८८ जागा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून १६. ऊस आणि कांदा बोलतो तेव्हा मुंबई ऐकते. धानाचा आवाज नागपूरच्या अधिवेशनापुरता. याचा मला मनापासून राग येतो.

पण काकाजींना मी सांगितलं, "चोरून नेताना नाक्यावर गाडी धरली तर धानही जाईल आन् ट्रॅक्टरही." ते म्हणाले, "मीबी त्याले तेच म्हटलं."

दुपारी जावई मोटारसायकलवर आला, पुढे सात-आठ वर्षांची नात. तिकडे त्या दिवशी छेरछेरा सण. पोरं दारोदार धान मागतात, घरधनीण सुपातून ओंजळ घालते. नातीची झोळी भरली होती. आजोबांचा ढीग बघून तिने आनंदाने झोळी त्यातच उलटी करायला घेतली.

काकाजींनी झटकन तिचा हात धरला. "नको बाई, ते तिकडचं हाये."

"मग इकडचं कोणतं?" तिने विचारलं.

काकाजी माझ्याकडे पाहू लागले. मी झोळीतले चार दाणे एका तळहातावर घेतले, ढिगातले चार दुसऱ्यावर. तेच वाण, तोच पिवळा रंग. बारा वर्षं ग्रेडिंग करतोय. मला ओळखता आलं नाही.

साडेपाचला ओलावा १६.८ आला. काटा केला.