तबकडीवरचा पॅराशॉक

कंपनीचा इतिहास म्हटलं की मी सहसा पान उलटतो. संस्थापकांचा गंभीर चेहरा, पहिल्या कारखान्याचा धुरकट फोटो आणि पुढे सगळी भरभराट. सिटिझन या जपानी घड्याळ-कंपनीच्या इतिहासात मात्र रेंगाळलो, ते बाबांच्या एचएमटी घड्याळामुळे. त्याच्या तबकडीवर बारीक अक्षरांत ‘पॅराशॉक’ लिहिलेलं होतं. हात लावला तर शॉक बसणार, अशी लहानपणी माझी खात्रीच होती!

हा पॅराशॉक मूळचा जपानचा. १९१८ मध्ये टोकियोत शोकोशा नावाची घड्याळ-संशोधन संस्था निघाली. १९२४ मध्ये तिचं पहिलं खिशातलं घड्याळ आलं आणि त्याला ‘सिटिझन’ हे नाव सुचवलं गोतो शिनपेई यांनी. टोकियोचं महापौरपद भूषवलेला हा माणूस. घड्याळ सामान्य नागरिकाला परवडावं, एवढीच त्यांची इच्छा. १९३० मध्ये त्याच नावाची कंपनी उभी राहिली. पुढे युद्धाचं वारं सुटलं, इंग्रजी नाव खुपू लागलं, म्हणून १९३८ मध्ये ती ‘दाई निप्पॉन तोकेई’ झाली. दहा वर्षांनी पुन्हा सिटिझन. नावं बदलायची हौस काही आपलीच मक्तेदारी नाही.

पण खरी गंमत १९५६ ची, पॅराशॉक आला त्या वर्षाची. किल्लीच्या घड्याळात एक चाक सतत मागेपुढे झुलत असतं. त्याच्या आसाची टोकं केसासारखी बारीक आणि ती टेकतात कृत्रिम माणकाच्या खड्यांवर. घड्याळ फरशीवर आपटलं की पहिलं मोडतं ते हेच टोक. पॅराशॉकमध्ये खडा घट्ट न बसवता चिमुकल्या स्प्रिंगखाली ठेवलेला असतो. दणका बसला की खडा जरासा सरकतो, टोक वाचतं आणि खडा परत जागेवर येतो. हे लोकांना पटावं म्हणून कंपनीने चक्क हेलिकॉप्टरमधून घड्याळं खाली टाकून दाखवली. पुढे पाणी न शिरणारं घड्याळ काढलं, तेव्हा ती घड्याळं तरंगत्या बोयांना बांधून प्रशांत महासागरात सोडून दिली. असल्या जाहिरातीपुढे आजचे सिनेनट काय करणार?

१९६१ मध्ये याच सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत एचएमटीचा घड्याळ-कारखाना सुरू झाला, आणि जपानी रचनेची यंत्रं आपल्याकडच्या मास्तर-कारकुनांच्या मनगटांवर आली. बाबा रोज सकाळी चहाआधी किल्ली द्यायचे. अंगठा आणि तर्जनीमध्ये ती करकर वाजायची, आणि किल्ली अडली की थांबायचं, जोर लावायचा नाही, ही ताकीद मला ठरलेली.

१९७६ मध्ये सिटिझनने प्रकाशावर चालणारं काट्यांचं घड्याळ काढलं, त्यात किल्लीची कटकटच नव्हती. एचएमटी मात्र किल्लीची घड्याळंही बनवत राहिली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्याच वर्षी सिटिझनने फ्रेडरिक कॉन्स्टंट ही स्वित्झर्लंडमधली घड्याळ-कंपनी विकत घेतली.